आत गेलेल्या माणसाची विचारपूस कोण करणार?

 

आजचा विषय गटाच्या बैठकीत सहसा निघत नाही. हप्ता निघतो, शाळा निघते, पाणी निघतं, दारू तर निघतेच. पण गावातल्या कोणाला पोलिसांनी नेलं की दोन दिवस कुजबुज होते आणि नंतर त्याचं नाव काढणंही बंद होतं. ‘आत गेला’ एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. तो आत किती दिवस राहणार, त्याला वकील मिळाला का, त्याची बायको मजुरी बुडवून अकोल्याला भेटीला कशी जाते, लेकरं कुठं जेवतात, हे कोणी विचारत नाही. आज आपण तेच विचारू.

आधी हे पाहू, की तुरुंगात असतं तरी कोण? आपल्याला वाटतं, आत म्हणजे शिक्षा झालेले. तसं नाही. देशभरातल्या तुरुंगांचा हिशेब सरकारच दरवर्षी छापतं. २०२२ च्या अखेरीस आपल्या देशातल्या तुरुंगांत जागा होती ४ लाख ३६ हजार २६६ माणसांची आणि आत होते ५ लाख ७३ हजार २२०. म्हणजे जिथं शंभर जणांनी राहावं तिथं एकशे एकतीस राहत होते. महाराष्ट्रात तर ही गर्दी दीडपटीच्या वर गेली होती.

आता दुसरा आकडा ऐका. देशातल्या या कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ जणांची शिक्षा ठरलेलीच नव्हती. त्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो. खटला चालू आहे, तारखा पडताहेत, गुन्हा केला की नाही हे कोर्टानं अजून सांगितलेलं नाही. शंभरातले जवळजवळ शहात्तर असे. त्यातले काही पुढं दोषी ठरतील, काही निर्दोष सुटतील. पण निर्दोष सुटणाऱ्याचे आत गेलेले दिवस कोणी परत आणून देत नाही.

गर्दी म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको. लग्नघरी पाहुणे वाढले की एका खोलीत किती जणी झोपतात आणि सकाळी संडासापुढं किती रांग लागते, हे आपण पाहतो. तिथं निदान दोन दिवसांनी मांडव उतरतो. तुरुंगात ते रोजचं असतं. कुशीवर झोपायचं, पाण्याला रांग, खरूज एकाला झाली की साऱ्या बराकीला. खोकल्याचा माणूस शेजारी झोपला की क्षयरोगाची भीती. डॉक्टर एक आणि दाखवणारे शेकडो. पहारा द्यायला माणसं कमी, म्हणून कोर्टाच्या तारखेला न्यायला पोलीस मिळत नाहीत. तारीख पुढं गेली की मुक्काम वाढला, आणि मुक्काम वाढला की गर्दी वाढली. असं हे चाक फिरत राहतं.

मग हे कच्चे कैदी जामिनावर सुटत का नाहीत? काहींचा गुन्हाच गंभीर असतो, कोर्ट जामीन देत नाही. ते आपण समजू शकतो. पण पुष्कळ जण असे असतात की कोर्टानं जामीन दिला तरी आतच राहतात. कारण जामीनदार लागतो. त्याचा सातबारा लागतो, नाहीतर ऐपतीचा दाखला लागतो, नाहीतर रोख रक्कम भरावी लागते. ज्याच्या घरी वीतभर जमीन नाही, जो दिवाळीनंतर कामासाठी परमुलखात जातो, त्याच्यासाठी कोण उभं राहणार? पैसेवाला संध्याकाळी घरी येतो आणि मजूर त्याच कलमाखाली महिनोन्‌महिने आत राहतो. शिक्षा ठरण्याआधीच गरिबीची शिक्षा भोगून होते.

यावर कायद्यानं काही वाटा काढून ठेवल्या आहेत. त्या आपल्याला माहीत नसल्यामुळं बंद पडल्यासारख्या आहेत. म्हणून एकेक सांगतो, कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

पहिली वाट, फुकट वकील. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणं कोठडीत असलेल्या कोणालाही सरकारी खर्चानं वकील मिळतो. बाई असेल तर तिचं उत्पन्न कितीही असो, तिलाही मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते आणि अकोल्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. फोन करायचा तर देशभरासाठी एकच नंबर आहे, १५१००. वकिलासाठी मंगळसूत्र गहाण ठेवण्याआधी हा नंबर लावून पाहावा.

दुसरी वाट, किती दिवस आत ठेवता येतं त्याची हद्द. १ जुलै २०२४ पासून फौजदारीचे नवे कायदे आले. त्यातल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ लक्षात ठेवा. ज्याला याआधी कधीच शिक्षा झालेली नाही, अशा कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढला, की कोर्टानं त्याला बंधपत्रावर सोडायचं. बाकीच्यांसाठी ही हद्द निम्म्या शिक्षेची. साध्या चोरीचंच धरा. तिला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे, म्हणजे पहिल्यांदा सापडलेल्याला एक वर्ष झालं की ही वाट खुली होते. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला हे लागू नाही, आणि अंगावर एकाहून जास्त खटले असतील तरीही नाही. महत्त्वाचं म्हणजे, मुदत भरली की कोर्टाला तसं लिहून कळवण्याची जबाबदारी तुरुंगाच्या अधीक्षकावर टाकली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही याचा लाभ द्यायचा.

तिसरी वाट, जामीन मिळूनही पैशावाचून अडकलेल्यांसाठी. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं गरीब कैद्यांना साहाय्य करणारी योजना आणली. ती आली तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याचा दंड भरायला २५ हजारांपर्यंत मदत ठरवली होती. जिल्हाधिकाऱ्यांसह जिल्ह्याची समिती ते ठरवते. अमली पदार्थ, भ्रष्टाचार अशा काही गुन्ह्यांना ती योजना नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये असंही सांगितलं आहे, की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकानं विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं अट सैल करता येते का ते पाहावं.

आता आम्हाला ठाऊक आहे, ऐकणाऱ्या काही जणी मनात काय म्हणत असतील. ‘हे चोरा-बदमाशांचे लाड कशासाठी? माझ्या पोरीला जाळणाऱ्याला चांगलं जेवण पाहिजे का? दारू पिऊन मला मारणारा चार दिवस आत गेला तेव्हा कुठं मला झोप लागली.’

बाई, तुझं म्हणणं आम्ही खाली पडू देणार नाही. दारूच्या गुत्त्यावर मोर्चा नेणाऱ्या आपणच आहोत. मार खाऊन ठाण्याची पायरी चढताना बाईला किती धीर एकवटावा लागतो, ते आपल्याला कळतं. ज्यानं गुन्हा केला त्याला शिक्षा झालीच पाहिजे, आणि लवकर झाली पाहिजे. पण शिक्षा कोणती, तर कोर्टानं सांगितलेली. इतकी वर्षं मोकळेपण जाणार, ही ती शिक्षा. खरूज, मारहाण, उपाशी झोपणं, औषधावाचून मरणं, हे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेलं नसतं. आणि दुसरी गोष्ट पदरात गाठ बांधून ठेवावी अशी आहे. आत गेलेला माणूस बहुतेक वेळा परत येतो, आणि आपल्याच गावात येतो. तो हाताला काम शिकून येतो, की आतल्या गुंडाचा चेला होऊन येतो, यावर आपल्या लेकीबाळींची सुरक्षा ठरते. तुरुंग सुधारला तर त्यात आपलाही फायदा आहे.

आणि बायांचं काय? कैद्यांमध्ये बाया थोड्या, शंभरात चार. २०२२ च्या अखेरीस देशात २३ हजार ७७२. फक्त बायांसाठी असलेले तुरुंग देशात मोजके. बहुतेक जणी पुरुषांच्या तुरुंगातल्या एका कोपऱ्यातल्या भिंतीआड राहतात. संख्या थोडी, म्हणून त्यांची आबाळ जास्त. पुरुष आत गेला तर बायको डबा घेऊन, तारीख विचारत, वकिलाच्या पायऱ्या झिजवते. बाई आत गेली तर कितीदा माहेरही फिरकत नाही आणि सासरही नाही.

त्यांच्यासाठी महाराष्ट्रातल्याच एका बाईनं दार वाजवलं होतं. शीला बारसे या पत्रकार. त्यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा कैदी बायांशी बोलून पाहिलं, तेव्हा पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. साधं पत्र. कोर्टानं त्याचीच याचिका केली, मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना बायांशी बोलायला पाठवलं, आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये आदेश दिला. बायांची कोठडी वेगळी असावी, तिथं बाई पोलीस पहाऱ्यावर असावी, बाईची चौकशी बाई पोलिसासमोरच व्हावी, अटक झाली की नातेवाइकाला आणि विधी साहाय्य समितीला कळवावं. आज कायद्यात हेही आहे, की सूर्य मावळल्यानंतर आणि उगवण्याआधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर बाई अधिकाऱ्यानं लेखी कारण देऊन, न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी घेऊनच. रात्री कोणी बाईला न्यायला आलं, तर हा प्रश्न गटातल्या चार जणींनी उभं राहून विचारावा.

सहा वर्षांपर्यंतचं लेकरू आईबरोबर आत राहू शकतं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हे लेकरू कैदी नाही. त्याला वेगळा आहार, लस, पाळणाघर, शिकणं मिळालं पाहिजे. बाळंतपण होता होईल तो तुरुंगाबाहेरच्या दवाखान्यात व्हावं, आणि जन्माच्या दाखल्यावर जन्मठिकाण म्हणून तुरुंग लिहू नये. सहा वर्षांवरची लेकरं मात्र बाहेर राहतात, आजीजवळ, मामाकडे, नाहीतर कोणाच्याच घरी नाही. अशांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. आईबाप तुरुंगात असलेल्या मुलांनाही ती लागू होते आणि सांभाळणाऱ्याला दरमहा मदत मिळते. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, नाहीतर बाल संरक्षण कक्षात करायचा. आपल्या अंगणवाडीताईला विचारलं तरी ती वाट दाखवेल.

इतके नियम, इतके आदेश. मग तरीही वाईट का घडतं? कारण तुरुंगाची भिंत उंच असते आणि आतलं बाहेर दिसत नाही. जून २०१७ मध्ये मुंबईच्या भायखळ्याच्या महिला तुरुंगात मंजुळा शेट्ये या कैदी बाईचा मृत्यू झाला. सकाळच्या वाटपातली अंडी आणि पाव कमी भरले, त्यावरून हे सुरू झालं, आणि तिला मारहाण झाल्याचं आतल्या बायांनी सांगितलं. त्या बायांनी आवाज उठवला, थेट छतावर चढल्या, म्हणून ते बाहेर कळलं. तुरुंगातल्या सहा कर्मचारी बायांना अटक झाली. खटल्याचा निवाडा कोर्टाचं काम आहे. आपण एवढंच ध्यानात घ्यायचं, की अंडी-पावाची तक्रार ऐकणारं बाहेरचं कोणी रोजच्या रोज तिथं जात असतं, तर गोष्ट एवढी वाढलीच नसती.

बाहेरच्या माणसांनी जायची सोय कायद्यात आहे. प्रत्येक तुरुंगाला अभ्यागत मंडळ असतं. त्यात न्यायाधीश, जिल्हाधिकारी असे सरकारी सदस्य असतात आणि बिनसरकारी सदस्यही नेमायचे असतात. त्यांनी आत जाऊन बराक पाहायची, भाकरी-भाजी चाखायची, दवाखाना पाहायचा, कैद्यांशी बोलायचं आणि नोंदवहीत शेरा लिहायचा. शिवाय जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती असते. कोणाची मुदत भरली, कोण जामीन होऊनही आत आहे, ते ती बघते. कोठडीत मृत्यू झाला तर चोवीस तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावं लागतं.

आता हे कागदावर आहे की खरंच चालतं, हे विचारायचा हक्क आपला आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तर फुकट. आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगात जागा किती, आत माणसं किती, बाया किती, लेकरं किती, अभ्यागत मंडळावर बिनसरकारी बाया आहेत का, मंडळ शेवटचं कधी गेलं आणि काय शेरा लिहिला? पाच-सहा ओळींचा अर्ज. रेशनचा, रोजगार हमीचा हिशेब आपण मागतोच. हाही सरकारी खर्चाचाच हिशेब आहे.

असं विचारल्यानं काय होतं, त्याचं ताजं उदाहरण सांगतो. तुरुंगात झाडू-संडासाचं काम कोणत्या जातीला आणि स्वयंपाकाचं कोणत्या जातीला, असे नियम काही राज्यांच्या पुस्तकांत स्वातंत्र्यानंतरही लिहिलेले होते. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी ते शोधून काढले आणि कोर्टात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ते नियम रद्द केले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. भटक्या-विमुक्तांना नुसत्या जन्मावरून सराईत गुन्हेगार समजायचं नाही, हेही सांगितलं. आपल्या भागात हे फार महत्त्वाचं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून पारध्यांसारख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण चोरी झाली की पहिली धाड अजूनही बेड्यावरच पडते. आणि त्या बेड्यावरच्या बाईसाठी जामीनदार शोधायला आपल्यातलं कोणी जातं का?

आता शिक्षा झालेल्यांकडे वळू. सगळे तुरुंग उंच भिंतीचे नसतात. अमरावती जिल्ह्यातच मोर्शीला खुलं कारागृह आहे. ज्यांची वागणूक चांगली, त्यांना तिथं ठेवून शेतीचं काम देतात, आणि शिक्षेत माफीही जास्त मिळते. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. औंधच्या राजानं ती स्वातंत्र्याआधी वसवली. तिथं कैदी घरच्यांना घेऊन राहतात, शेती करतात. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा सिनेमा तिच्यावरूनच निघाला. बायांसाठी येरवड्याला खुलं कारागृह आहे. माणसावर विश्वास टाकून काम देता येतं, हे आपल्या महाराष्ट्रानं कधीचंच करून दाखवलेलं आहे. गर्दीवर नव्या भिंती बांधणं हा एक उपाय झाला. कच्च्या कैद्यांना वेळेवर सोडणं आणि भरवशाच्या पक्क्या कैद्यांना खुल्या तुरुंगात नेणं, हा स्वस्तातला आणि चांगला उपाय.

बचत गटाच्या बायांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट. १ मे २०२२ ला येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू झाली. राज्य सहकारी बँक कैद्याला त्याच्या तुरुंगातल्या मजुरीच्या भरवशावर ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज देते, सात टक्के व्याजानं, तारण न मागता. पोराची फी, आईचं दवाखान्याचं बिल, घराचं छप्पर, यासाठी. आपल्या गटाची सारी पुंजी परतफेडीच्या शब्दावर उभी आहे ना? तसाच शब्द तिथं कैद्याचा घेतला. आत बसूनही आपण घरच्यांच्या उपयोगी पडतो, हे ज्याला कळतं तो सुटल्यावर घरीच येतो.

अमरावतीची ‘वऱ्हाड’ ही संस्था कैदी आणि त्यांची कुटुंबं यांच्या पुनर्वसनाचं काम करते. मुंबईच्या टाटा समाज विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्पही तेच करतो. पण संस्था किती दारांशी पोहोचणार? सुटून आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात जे लागतं ते गावातच असतं. तूर सोंगायला बोलावणारा एक कास्तकार, पाणी भरताना बाजूला न सरकणाऱ्या शेजारणी, आणि ‘चोराची पोरं’ असं शाळेत कोणी म्हटलं तर दटावणारी एखादी मावशी. आपल्या तालुक्यातल्या दापुऱ्यात गाडगेबाबा वाढले. गावानं झिडकारलेल्या माणसाला त्यांनी पंगतीत बसवलं. आपण त्यांची जयंती करतो, तर एवढं आपल्याला जड नाही.

कैदी रजेचा अर्ज करतो तेव्हा पोलीस गावात येऊन विचारपूस करतात. त्या वेळी खरं ते सांगा. माणूस सुधारलाय असं वाटत असेल तर ते सांगा. ज्या बाईला त्याच्यापासून भीती आहे, तिला पुढं करून तिचंही म्हणणं लिहून घ्यायला लावा. दोन्ही आपलंच काम आहे.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की पाच मिनिटं काढा. आपल्या गावातलं आत्ता कोण आत आहे? कधीपासून आहे? वकील आहे का? जामीन झालाय का, आणि झाला असेल तर अडलंय कुठं? घरी लेकरं किती? ही पाच उत्तरं वहीत लिहा. मग एका जणीनं १५१०० ला फोन लावावा, एका जणीनं तालुक्याच्या कोर्टात चौकशी करावी आणि एका जणीनं त्या घरी जाऊन चहा प्यावा. त्या घरात कितीतरी दिवसांत कोणी बसलेलं नसेल. फोनवर काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा, पुढच्या वेळी आपण त्यावरच बोलू. नमस्कार.